आपोआप चढलेला बाण

वेदान्तात कर्माचे जे तीन प्रकार मानले आहेत, त्यांचा उलगडा परंपरेने धनुर्धराच्या दृष्टान्ताने केला आहे. भात्यातले बाण म्हणजे जन्मोजन्मी साठलेले संचित, सुटलेला आणि परत न येणारा बाण म्हणजे फळ देऊ लागलेले प्रारब्ध, आणि धनुष्याला लावला जात असलेला बाण म्हणजे आज घडणारे क्रियमाण. भात्यातून बाण काढून तो प्रत्यंचेवर चढवणारा हात कर्त्याचाच असतो, हे या दृष्टान्तात न बोलता गृहीत धरलेले आहे. आणि एक गोळी सुटताच पुढचे काडतूस स्वतःच नळीत भरून घेणाऱ्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाने नेमके तेच गृहीत काढून घेतले.

जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले आणि बेल्जियममधील हेर्स्तालच्या एफएन कारखान्यात घडलेले असे एक पिस्तूल १८९९च्या नमुन्यात सुधारणा होऊन १९०० साली बेल्जियमच्या सैन्याने स्वीकारले. त्याच्या मुठीतील मॅगझिनमध्ये ७.६५ मिलिमीटरची सात काडतुसे मावत. गोळी सुटली की स्फोटाच्या दाबाने मागे रेटलेली स्लाइड रिकामी पुंगळी बाहेर फेकी, नळीच्या वर बसवलेली स्प्रिंग स्लाइडला पुन्हा पुढे आणी आणि त्या येण्यातच नवे काडतूस नळीत सरके. शिवाय काडतुसावर आघात करणाऱ्या टोकदार कांडीलाही तीच स्प्रिंग बळ पुरवी. एका स्प्रिंगकडून दोन कामे करून घेण्याची ही युक्ती कारागिरी म्हणून देखणीच म्हणावी लागेल. हाताळणीतली मेख मात्र वेगळी होती, कारण मॅगझिन काढून घेतले तरी नळीत शिरलेले काडतूस तिथेच राही, म्हणजे भाता रिकामा होऊनही बाण चढलेलाच असे.

 याउलट राजगडाच्या वैभवकाळातील तोड्याच्या बंदुकीत दर बाराला दारू ठासावी लागे, गोळी बसवावी लागे आणि पेटता तोडा सांभाळावा लागे. दोन बारांमधला हा अवकाश विवेकासाठी राखलेला नव्हता, तो तंत्राचा अपुरेपणाच होता, तरीही प्रत्येक बाराची तयारी कर्त्याच्या हातून होत असे.

लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याकरवी, पेटीच्या खोट्या तळात दडवून, वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंगनेच कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. हत्येला साहाय्य केल्याबद्दल सावरकरांना १९११ मध्ये दुसरी जन्मठेप झाली. न्यायालयाने कर्तेपण असे चाप ओढणाऱ्यापासून शस्त्र पाठवणाऱ्यापर्यंत पसरलेले मानले. गीतेचा अठरावा अध्यायही कर्माला अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे देतो. पण त्यातले करण, म्हणजे साधन, स्वतःच चेष्टेचा वाटा उचलू लागले तर काय, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

नळीत आपोआप शिरलेल्या काडतुसाला क्रियमाण म्हणता येत नाही, कारण ते कोणी चढवलेले नाही. ते सुटलेलेही नाही, म्हणून प्रारब्धही नव्हे. त्याला जवळचा शब्द योगदर्शनातला संस्कार हाच दिसतो, म्हणजे केलेल्या कृतीने मागे ठेवलेली पुढच्या तशाच कृतीची सिद्धता. तरीही या पिस्तुलाच्या नावातले ‘अर्ध’ हे पद शोभेचे नाही. चाप दाबून धरला तरी दुसरी गोळी सुटत नाही, कारण स्लाइड मागे जाताच चापाचा आघाताच्या कांडीशी असलेला दुवा तुटतो आणि बोट सैल करून चाप पुढे येऊ दिल्याखेरीज तो पुन्हा जुळत नाही. भरण्याचे काम यंत्राने घेतले, पण दर गोळीमागे बोट एकदा सैल करून पुन्हा आवळण्याचे काम कर्त्याकडेच राहिले.