‘ते’ बघतात

माझी भाची न्यू जर्सीत सातवीत आहे. मागच्या हिवाळ्यात एकदा तिचा व्हॉट्सॲप कॉल आला, पुण्यात पहाटेचे सहा वाजले होते. “मामा, पॅनिक अटॅक आला की नक्की काय होतं, बघून सांगतोस?” स्वतःच का बघत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, “लॅपटॉप शाळेचा आहे. ते बघतात.” ते म्हणजे कोण, हे तिला माहीत नव्हतं.

मला अंदाज होता. मी अशाच प्रकारचं सॉफ्टवेअर लिहितो. ऑफिसचे लॅपटॉप लांबून सांभाळायचे, हरवले तर लॉक करायचे वगैरे. ‘ते’ म्हणजे एक ॲडमिन पॅनल आणि त्याचा पासवर्ड असलेली चार-पाच माणसं.

या धंद्यातल्या प्रत्येकाने पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियनचं प्रकरण वाचायला हवं. तिथल्या सरकारी हायस्कूलांनी सुमारे २,३०० मुलांना मॅकबुक दिले होते. चोरी झाली तर शोधता यावं म्हणून त्यात एक सोय होती. ती चालू केली की दर काही मिनिटांनी कॅमेरा समोरचा फोटो काढायचा, स्क्रीनचाही, आणि ते सर्व्हरवर जायचे. मुलांना, पालकांना याची कल्पना दिलेली नव्हती. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये एका मुलाला उपमुख्याध्यापिकेने बोलावून घेतलं. घरी, स्वतःच्या खोलीत काढला गेलेला त्याचा फोटो शाळेकडे होता, हातात ड्रग्जच्या गोळ्या असल्याचा संशय होता. मुलगा म्हणाला, त्या खाऊच्या गोळ्या आहेत. २०१० मध्ये त्याच्या घरच्यांनी दावा लावला. चौकशीत ५६ हजारांहून जास्त फोटो आणि स्क्रीनशॉट निघाले, काहींत तो झोपलेला होता. शेवटी शाळांनी ६,१०,००० डॉलर देऊन तडजोड केली. फौजदारी गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही.

मला यातला एक तपशील छळतो. बरेचसे फोटो निघाले ते लॅपटॉप सापडल्यानंतरही ट्रॅकिंग बंद करायचं राहून गेलं म्हणून. असा बग माझ्याकडे आला असता तर मी त्याला ‘लो प्रायॉरिटी’ लावून पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलला असता. खरंच ढकलला असता.

लॅपटॉप शाळेचा, मग बघायचा हक्कही शाळेचा, असं म्हणणारे भेटतात. भाड्याच्या घराची एक किल्ली मालकाकडेही असते, म्हणून तो रात्री आत येऊन पलंगापाशी उभा राहत नाही. अमेरिकेत २००० साली कायदा झाला की इंटरनेटसाठी सरकारी सवलत हवी असेल तर शाळांनी फिल्टर लावावेत, मुलांच्या ऑनलाइन वावरावर लक्ष ठेवावं. त्याच कायद्यात असंही लिहिलंय की, ओळख पटेल अशा एकेका मुलाचा माग काढलाच पाहिजे, असा याचा अर्थ लावू नये. हे दुसरं वाक्य फारसं कुणी सांगत नाही.

आता कारण चोरीचं नसतं, काळजीचं असतं. मुलं काय शोधतात, काय लिहितात यातून स्वतःला इजा करण्याचे शब्द हेरणारं सॉफ्टवेअर अनेक शाळांत आहे. त्याने एक जरी मूल वाचलं तर? या प्रश्नापुढे माझा आवाज बसतो. भाचीने तो प्रश्न टाइप केला असता तर कदाचित काऊन्सेलरने तिला बोलावलं असतं, आणि ते चांगलंही झालं असतं. पण तिने तो टाइप केलाच नाही ना. तिला फोन करायला मामा होता. ज्या मुलाकडे शाळेचा लॅपटॉप सोडून दुसरं काहीच नाही, ते कुठे विचारणार?

मैत्रिणीला होतं, असं ती म्हणाली होती. माझा विश्वास बसला नाही. फोन ठेवताना तिने विचारलं, “आईला सांगणारेस?” म्हणजे जे ‘त्यांना’ कळलं असतं ते आता मला कळलं होतं, आणि पॅनलपाशी मीच बसलो होतो. म्हटलं, सांगावं लागलं तर आधी तुला सांगेन.

दोन दिवसांनी मी तिला फोन केला. आज ताईशी बोलणार आहे, म्हणालो. ती अर्धा तास भांडली, रडली. मग म्हणाली, तू थांब, मीच सांगते.