यादी कशाची करायची?

तीन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीनं पुण्यातली नोकरी सोडली आणि ती एका गुरूंच्या केंद्रात राहायला गेली. साठवलेले चार लाख रुपये तिनं तिथं देऊन टाकले. मावशीला आधी रोज येणारे फोन आठवड्यातून एकदा यायला लागले, मग 'सध्या मौन आहे' म्हणून बंदच झाले. त्या दिवसांत मला एकच वाटायचं : सरकारनं या असल्या सगळ्यांची यादी करावी आणि टाळं ठोकावं.

फ्रान्सनं खरंच अशी यादी केली होती. कारणही तसंच होतं. ऑक्टोबर १९९४ मध्ये 'सोलर टेम्पल' या पंथाशी संबंधित ५३ माणसं स्वित्झर्लंड आणि कॅनडात मृत सापडली. काहींनी स्वतःचा जीव दिला होता, काहींचा घेतला गेला होता. डिसेंबर १९९५ मध्ये फ्रान्सच्या डोंगरात आणखी १६ मृतदेह मिळाले, त्यांत लहान मुलंही होती. त्याच महिन्यात फ्रेंच संसदेच्या समितीचा अहवाल आला. त्यात १७३ पंथांची नावं होती आणि धोकादायक पंथ ओळखायच्या दहा खुणा : मनाचा तोल बिघडवणं, अवाच्या सवा पैसे मागणं, घरच्यांपासून तोडणं, वगैरे.

मी त्या खुणा बहिणीच्या केंद्राला लावून पाहिल्या. तीन-चार जुळल्या. मग इतर ठिकाणीही लावल्या आणि अडकले. सिद्धार्थ बायको-मुलाला झोपेत सोडून निघाला. मीरेनं राजघराण्याची पर्वा केली नाही. आज आपण ज्याला परंपरा म्हणतो, त्यातल्या पहिल्या पिढीच्या आया काय म्हणत असतील? 'पोरगी नादाला लागली', हेच ना?

त्या यादीला कायद्याचं बळ नव्हतं. पण संसदेनं एकदा नाव छापलं की शिक्का बसतोच. यादीत यहोवाज विटनेसेस होते. पुढे त्यांच्या देणग्यांवर ६० टक्के कर लावला गेला. २०११ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं हा त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग ठरवला, आणि फ्रान्सला सुमारे ४६ लाख युरो परत करावे लागले. त्याआधी, २००५ मध्येच, खुद्द फ्रेंच पंतप्रधानांनी परिपत्रक काढून सरकारी खात्यांना यादीवर विसंबू नका असं सांगितलं होतं.

तरी फ्रान्सनं प्रश्न सोडून दिला नाही. २००१ च्या कायद्यानं माणसाच्या असहायतेचा गैरफायदा घेणं, त्याला मानसिक गुलाम करून नुकसान पोचवणं हा गुन्हा ठरवला. १९९८ मध्ये नेमलेल्या सरकारी मंडळाच्या नावात 'पंथांशी लढा' होता, २००२ च्या नव्या मंडळाच्या नावात 'पंथांतले गैरप्रकार' आले. हा नुसता शब्दांचा फरक नाही. आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही यादीच देतो, पण ती कृत्यांची आहे. कोणता बाबा, कोणता पंथ हे तो विचारत नाही. काय केलं, ते विचारतो.

यात एक खोट आहे, ती लपवत नाही. कृत्याची वाट पाहणारा कायदा बहुतेकदा उशिरा पोचतो. त्या डोंगरातल्या मुलांपर्यंत तो पोचला नाही. आणि बहिणीचे चार लाख? सज्ञान बाईनं हसत हसत दिले. गुन्हा कुठला दाखवणार?

गेल्या वर्षी मी तिला भेटायला केंद्रावर गेले. आधी भांडलेच. ती म्हणाली, "ताई, आजी दरवर्षी महिनाभर वारीला जायची. तिला कुणी विचारलं का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. परतीच्या एसटीत सुचलं. आजी परत यायची. वाटेतून परतली असती तरी कुणी अडवलं नसतं, घाबरवलं नसतं. सरकारनं पहारा द्यायचाच तर आत जायच्या दारावर नको. बाहेर यायच्या दारावर द्यावा : ते उघडं आहे का, बाहेर पडणाऱ्याला कुणी धमकावत नाही ना, आतल्या लहान मुलांना शाळा-डॉक्टर मिळतात ना.

आणि घरच्यांनी? आपल्याकडचं दार उघडं ठेवावं. मावशी आता दर रविवारी तिला एक मेसेज पाठवते. त्यात गुरूंबद्दल अवाक्षर नसतं. बहुतेक वेळा फक्त घरी काय जेवण केलं, तेवढंच असतं. उत्तर कधी येतं, कधी नाही.