परतावा

मिरकरवाडा बंदरातल्या एका मच्छीमार सोसायटीत मी तीस वर्षं कारकुनी केली. मुख्य काम डिझेलच्या पावत्यांचं. बोटीचा नंबर, इंजिन, लिटर जुळवायचे आणि यादी वर पाठवायची. डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा महिनोन्‌महिने यायचा नाही आणि शिव्या मी खायचो. ‘भाऊ, परतावा आला काय?’ हे इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ‘नाय’ म्हणायचो, असं बायको सांगते.

आमचे बाबा लहान होडीवर होते. नारळी पौर्णिमेला मांडवीच्या किनाऱ्यावर नारळ फेकायचे नाहीत. गुडघाभर पाण्यात उभं राहून दोन्ही हातांनी ठेवायचे. घटकाभरात लाट तो परत आणायची आणि आम्ही पोरं दगडावर फोडून खायचो. एकदा विचारलं, दर्याला नकोच असेल तर देता कशाला? म्हणाले, ‘ठेवायचा की नाय ता दर्या बघेल. आपण दिला काय, तेवढा बघायचा.’

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेलं त्यांना काही न देता भोगणाऱ्याला सरळ चोर म्हटलंय. तरुणपणी तो शब्द फार कडक वाटायचा. चार घासांसाठी जाळं टाकणारा चोर कसला? पण पावत्या लिहिता लिहिता खटकायला लागलं. परतावा लिटरवर. इंजिन मोठं, तर डिझेल जास्त. डिझेल जास्त, तर परतावा जास्त. जो अधिक उपसणार, त्याच्याच पदरात अधिक.

जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेने 17 जून 2022 ला याच दुखण्यावर करार केला. घासाघीस 2001 पासूनची. अंमल 15 सप्टेंबर 2025 पासून. बेकायदा मासेमारीला, आधीच ओरबाडून झालेल्या मासळीला आणि कोणाचाच धाक नसलेल्या भर समुद्रातल्या मासेमारीला सरकारी पैसा नको, एवढं ठरलं. सरकारी पैशाने बोटी वाढत जातात, तो मोठा प्रश्न 2024 मध्ये अबुधाबीच्या बैठकीतही सुटला नाही. भारताचं म्हणणं, 200 सागरी मैलांच्या आत आमच्या मच्छीमारांना 25 वर्षं मुभा द्या. जगभर ताफे धाडून ज्यांनी समुद्र रिकामे केले त्यांनी आधी हात आवरावा. मला ते पटतं. परताव्याशिवाय लहान होडीवाला जेट्टी सोडू शकत नाही, हे मी रोज पाहिलंय. पण ‘आमचा मच्छीमार’ म्हणजे कोण? माझ्या वहीच्या एकाच पानावर बाबांसारख्यांची होडी होती आणि सहा सिलिंडरची बोटही. मोठ्या पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर राज्याने 5 फेब्रुवारी 2016 ला बंधनं घातली, तेव्हा भांडण जिनिव्हाशी नव्हतं, इथल्या इथेच होतं.

आणि दुसऱ्याच्या पैशाने उपसलं तर दर्याचं ऋण कोणावर? मालकावर, सरकारवर, की कर भरणाऱ्या चिपळुणातल्या एखाद्या मास्तरावर, ज्याने जाळं हातातही धरलेलं नाही? बाबांचा हिशेब सोपा होता: माझी होडी, माझा नारळ. ऋण इतक्यांत वाटलं गेलं की पाण्यात उतरायला कोणीच उरत नाही.

निवृत्त होताना जुन्या वह्या चाळल्या. लिटरचा रकाना होता, रुपयांचा होता. मासळी किती आणली हा रकाना एकाही पानावर नव्हता, आणि तीस वर्षांत मीही तो कधी आखला नाही.