पुतळ्याशेजारचा फोटो

पर्वरीच्या एका हॉटेलात ६ एप्रिल १९८६ रोजी मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी तरुण पर्यटकांचे खून पाडणाऱ्या चार्ल्स शोभराजला पकडलं. तिहार तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो पळाला, त्याला महिनाही झाला नव्हता. पुढे हॉटेलात त्याचा पुतळाच बसवला. गिऱ्हाईक येतं, फोटो काढतं, मासे खातं.

मेलेल्या पोरापोरींच्या जिवावर धंदा! याला माफी नाही, असं मी हिला कितीदा तरी ऐकवलंय.

परवा जुना अल्बम काढला. पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून मीच दात काढतोय. शर्टावर सोलकढीचा डाग. या फोटोवर बँकेत वर्षभर भाव खाल्ला होता मी.

शेजारचे शहा जैनांच्या संवत्सरीला दारात येऊन हात जोडतात, 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत माफी मागतात. ज्याला दुखावलं त्याच्याच दारात जायचं, हे मला पटतं. पण इथे दार कुणाचं? शोभराजनं १९७५ साली नेपाळात मारलेल्या अमेरिकन मुलीच्या घरच्यांचं. मग हॉटेलवाल्याला माफ करणारा किंवा न करणारा मी कोण? आणि मला कोण करणार?

हिनं फोटो पुन्हा अल्बमात खोचला. म्हणाली, "शर्ट मात्र चांगला होता."