खाली लाव्हारसाचा समुद्र नाही

जुन्नरजवळच्या नाणेघाटात उभे राहिले की आजूबाजूच्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतात. एकेक पट्टा म्हणजे लाव्हारसाचा एकेक पूर. दोन पट्ट्यांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ थर सापडतो. खालचा थर थंड होऊन झिजायला आणि त्याची माती व्हायला तेवढी सवड मिळाली होती, असा त्याचा अर्थ. शिवनेरीचा कातळ, लेण्याद्री आणि मानमोडीची लेणी ज्यात कोरली ते डोंगर, भीमाशंकरचा माथा, सारी घडण हीच. वय सुमारे 6.6 कोटी वर्षे. शाळेत हे शिकताना बहुतेकांच्या मनात एक चित्र बसते: पृथ्वीच्या पोटात उकळता रस भरलेला आहे, वर दगडाचे पातळ कवच आहे, आणि ते फुटले तेव्हा आतला रस सह्याद्रीभर पसरला. हे चित्र इतके सोपे आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. ते तपासलेच पाहिजे, कारण त्यातला समुद्र तिथे नाही. कवचाखालचे प्रावरण सुमारे 2,890 किलोमीटर खोलीपर्यंत जाते आणि ते घन दगडाचे आहे.

हे कळले कसे? जुन्नर तालुक्यातच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून निघालेले संकेत ती टिपते. पायाखाली मात्र अशी नजर पोचत नाही. रशियातल्या कोला येथे खणलेले सर्वांत खोल वेधछिद्र 12,262 मीटरवर थांबले. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर आहे. आपल्याकडे कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा लाव्ह्याचे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपले आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा कितीतरी जुना खडक लागला. म्हणजे आपले काळे थर जुन्या जमिनीवर बाहेरून येऊन पसरलेले आहेत. त्यांचे उगमस्थान त्या जुन्या खडकाच्याही खूप खाली आहे, आणि तिथे कोणतेही छिद्र पोचलेले नाही.

तिथवर पोचतात त्या भूकंपाच्या लहरी. 12 जून 1897 रोजी आसामात मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, आणि त्याच कामातून पुढे भूकंपलहरींचे प्रकार वेगवेगळे ओळखता आले. प्राथमिक लहरी दगडाला पुढेमागे दाबत जातात. दुय्यम लहरी त्याला आडवे हलवत जातात, आणि द्रवातून त्या जाऊच शकत नाहीत, कारण द्रवाला आडवे सरकवले तर तो उलट ओढ घेत नाही. या दुय्यम लहरी प्रावरणाच्या तळापर्यंत जातात. त्यांची वाट अडते ती पुढे, बाह्य गाभ्यात; तिथे वितळलेले लोखंड आहे. पण तो द्रव जुन्नरच्या कड्यांत आलेला नाही. कड्यांतला दगड प्रावरणातून आला, आणि प्रावरण तर घन.

मग रस आला कुठून? माझ्या मते संपूर्ण भूशास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट इथे आहे. दगड वितळायला उष्णता लागते एवढे आपण धरून चालतो. दाबाचा विचार करत नाही. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी 100 अंशांना उकळत नाही, आणखी तापावे लागते. प्रावरणातल्या खडकाचे वितळणेही असेच दाबावर अवलंबून असते. जमिनीवरच्या दाबाखाली तो साधारण 1,100 ते 1,200 अंशांना वितळू लागेल. 100 किलोमीटर खोलीवर दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 30,000 पट असतो, आणि तिथे त्याच खडकाला वितळायला 1,450 अंशांच्या वर जावे लागते. तो इतका तापलेला असूनही घन राहतो तो केवळ या दाबामुळे.

आता हाच तापलेला खडक वर सरकू लागला तर? घन असूनही तो सरकतो, वर्षाला काही सेंटिमीटर. हिमयुगाचा बर्फ वितळून हजारो वर्षे झाली तरी स्वीडन-फिनलंडच्या मधल्या किनाऱ्यावरची जमीन अजून वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वर येते आहे, कारण खालचे प्रावरण हळूहळू परत त्या जागी सरकते आहे. वर येताना खडकाची उष्णता फारशी कमी होत नाही, दाब मात्र झपाट्याने उतरतो. एका उंचीवर तो वितळण्याच्या मर्यादेत येतो आणि पाझरू लागतो. कोणी जाळ घातलेला नाही. वरचा भार हलका झाला, एवढेच. वितळतो तोही थोडासाच भाग. तो निथळून वर जातो, बाकीचा खडक घनच राहतो. म्हणून जुन्नरचा काळा दगड हा प्रावरणाचा तुकडा नाही, त्यातून निथळलेला अंश आहे.

वाटेत तो थांबलाही होता. मंचर आणि गिरवली ही आंबेगाव तालुक्यातली नावे भूशास्त्राच्या ग्रंथांत येतात ती मोठ्या स्फटिकांच्या बेसाल्टच्या, म्हणजे याच काळ्या दगडाच्या, थरांमुळे. या थरांत फेल्डस्पारचे काही सेंटिमीटर लांबीचे स्फटिक आहेत. तेवढे वाढायला शिलारसाला भूकवचातल्या कोठीत पुष्कळ काळ मुरावे लागते. मुरताना जड खनिजे तळाला राहिली आणि रस बदलत गेला.

दाब कशामुळे उतरला, यावर मतभेद आहेत. आज रियुनियन बेटाखाली असलेला उष्ण खडकाचा स्तंभ तेव्हा भारताखाली होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आयआयटी मुंबईच्या हेतू शेठ यांच्यासारख्यांनी त्यावर आक्षेप घेतले आणि भूखंड ताणले जाऊन फाटण्यावर भर दिला. खडक स्वतः वर चढला काय किंवा वरचे झाकण ताणून पातळ झाले काय, दोन्ही मांडण्यांत भार हलका होणे अटळ आहे.

दगड वितळवण्याची आणखी एक वाट आहे आणि तिचाही पुरावा जुन्नरातच आहे, हे मला फार मोलाचे वाटते. कुकडीकाठच्या बोरी गावाजवळ नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तिच्या नेमक्या वयावरून वाद झाले, पण राख 3,000 किलोमीटरहून दूर असलेल्या सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची आहे हे रासायनिक घटकांवरून जुळते. तिथे समुद्रतळ प्रावरणात खाली सरकतो आणि आपल्यासोबत पाणी नेतो. पाणी मिसळले की खडक कमी तापमानाला वितळतो. तो शिलारस वर येताना कवचालाही वितळवतो, आणि त्यात कोंडलेल्या वाफेने व वायूंनी स्फोट होतात. म्हणून टोबाची राख इतकी दूर उडाली. आपला लाव्हा बहुतांशी शांतपणे वाहत पसरला होता.

आता उरते आजचे. जुन्नरखाली साधारण 35 ते 40 किलोमीटर भूकवच आहे आणि त्याखाली प्रावरण, तप्त आणि घन. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडे पाहून कोणाला शंका येईल, पण तिथले पाणी भेगांतून खोल जाऊन तापून परत येते. त्याला शिलारस लागत नाही. प्रावरण वितळायला ते वर उचलले जावे लागेल, किंवा त्यात पाणी शिरावे लागेल, किंवा खालून मोठी उष्णता यावी लागेल. यातले काहीच आज सह्याद्रीखाली होत नाही, म्हणून तिथला खडक वितळत नाही.