कुणाला काय सांगावं

नेदरलँड्समधल्या होफडॉर्पमध्ये एक मराठी जोडपं राहत होतं. नवरा स्किपोल विमानतळाजवळच्या ऑफिसात कामाला, बायको घरूनच हिशेबाचं काम करायची. तिला विशीतच बायपोलर आजाराचं निदान झालं होतं. तेव्हापासून लिथियमच्या गोळ्या चालू होत्या आणि त्या गोळ्यांच्या आधारानं तिची झोप, नोकरी, संसार सगळं सुरळीत होतं. नवऱ्याला तिनं लग्नाआधीच सांगितलं होतं. माहेरी आईवडिलांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

बैठ्या कामानं वजन वाढलं, म्हणून तिनं जिममध्ये जायचं ठरवलं. आई तेव्हा साताऱ्याहून राहायला आली होती. फॉर्म भरताना ती शेजारीच बसली होती. एका रकान्यात विचारलं होतं: काही आजार आहे का? कायमची औषधं चालू आहेत का?

“नाही लिही,” आई म्हणाली.

“अगं, रोज गोळ्या घेते ना मी.”

“घे की. पण लिहून कशाला द्यायचं? आपल्यातल्याही बायका येतात तिथं. उद्या गणपतीत कुजबुज सुरू होईल. मावशीचं काय झालं, विसरलीस?”

लेक विसरली नव्हती. बाळंतपणानंतर मावशीच्या मनाचा तोल गेला, तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. परत न्यायला कुणी आलं नाही. आईची भीती त्या दुःखातून आली होती. लेकीनं ‘नाही’वर खूण केली.

ट्रेनर मन लावून शिकवणारी होती. तिनं घाम काढणारा व्यायाम दिला. जेवणातलं मीठ अगदी कमी करायला सांगितलं. गुडघा दुखू लागला, तेव्हा सुपरमार्केटात सहज मिळणारी इबुप्रोफेनची गोळी सुचवली. धडधाकट माणसाला यातलं काही सहसा बाधत नाही. लिथियम घेणाऱ्याचं तसं नसतं. हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतात. इबुप्रोफेननंही ते बाहेर पडणं मंदावतं. डॉक्टरांनी हे सुरुवातीलाच बजावलं होतं, पण इतक्या वर्षांत ते तिच्या लक्षातून निसटलं होतं.

उन्हाळ्यातल्या एका गरम दिवशी जिममध्ये तिचे हात थरथरू लागले. मळमळलं, पाय लटपटले. ट्रेनरनं धावत येऊन तिला खाली बसवलं आणि विचारलं, “काही औषध चालू आहे का तुला?”

लेकीच्या तोंडून पुन्हा तेच निघालं, “नाही.”

साखर कमी झाली असेल, असं समजून ट्रेनरनं तिला रस पाजला आणि घरी पाठवलं. संध्याकाळी लेकीची जीभ जड झाली. नवऱ्यानं तिला हॉस्पिटलात नेलं. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, तिची त्याच्या बरीच वर गेली होती. गोळ्या थांबवल्या, सलाइन लावलं. मूत्रपिंडं वाचली आणि काही दिवसांत ती सावरली.

नंतर फॅमिली डॉक्टरांकडे गेली, तेव्हा आईही बरोबर होती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आईनं लेकीला म्हटलं, “विचार त्यांना. आता काय गावभर सांगत सुटायचं?” लेकीनं प्रश्न सांगितला.

डॉक्टर आईकडे वळून म्हणाले, “आपण बसलोय ना, तिथं पूर्वी तलाव होता. १८५२ साली तो उपसून कोरडा केला, पण पंप आजही चालू आहेत, कारण ही जमीन समुद्रापेक्षा खाली आहे. पाण्याची पातळी ठरलेल्या मर्यादेत ठेवावी लागते. तिचा आकडा पंप चालवणाऱ्याला कळलाच पाहिजे. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो कळायची गरज नसते. तुमच्या लेकीच्या औषधाचंही असंच आहे. व्यायाम कोण ठरवतं? ट्रेनर. मग तिला तिच्या कामापुरतं सांगा. आजाराचं नाव सांगायचं की नाही, ते लेकीनं ठरवावं.”

त्या दिवशी मायलेकींनी मिळून चार ओळी लिहिल्या. माझं एक औषध असं आहे की घाम आणि मीठ यांचा त्याच्यावर परिणाम होतो. मला भरपूर पाणी लागतं आणि जेवणातलं मीठ एकदम कमी-जास्त करून चालत नाही. वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी घेत नाही. हात फार थरथरले, तोल गेला किंवा बोलणं अडखळलं, तर व्यायाम थांबवून या नंबरावर फोन कर.

ट्रेनरनं कागद दोनदा वाचला. कोणतं औषध, कशासाठी, असं काही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, “हे आधी कळलं असतं तर मी तुला तो आहार दिलाच नसता. याची नोंद ठेवू का? तुझी संमती लागेल.” युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानं आरोग्याच्या माहितीला खास संरक्षण आहे. ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, हे लेकीच्या हाती होतं. इतर ट्रेनरनाही कळावं, म्हणून तिनं चारही ओळींना संमती दिली.

गणपतीत एकीनं विचारलंच, “काय गं, सारखी पाण्याची बाटली घेऊन फिरतेस?”

“डॉक्टरांनी सांगितलंय भरपूर पाणी प्यायला,” लेक म्हणाली. विषय तिथंच संपला.

साताऱ्याला परत गेल्यावर आईनं मावशीला फोन केला आणि डॉक्टरकडे जाताना आपण सोबत येऊ का, असं विचारलं.

तात्पर्य: ज्याच्या हाती आपला जीव आहे, त्याच्यापासून कामाची गोष्ट लपवू नये, ज्याला नुसती उत्सुकता आहे, त्याला काही सांगण्याचं बंधन आपल्यावर नाही. आणि कुणी विश्वासानं आपल्याला सांगितलं, तर मदतीपुरतंच विचारावं आणि ऐकलेलं स्वतःपाशी ठेवावं. ऐकणारे असे भेटले, तर रकान्यात खरं लिहिताना कुणाचा हात अडणार नाही.