थाळीतील एक पान



‘वयोमानामुळे आता पुरणावरणाचा नैवेद्य हातून होत नाही’, अशी खंत अनेक माता-भगिनींच्या मनात असते. त्यांनी महाभारताच्या वनपर्वातील द्रौपदीची कथा आठवावी.

सूर्यनारायणाने दिलेल्या थाळीतील अन्न द्रौपदीचे भोजन होईपर्यंतच अक्षय असे. एके दिवशी तिचे भोजन झाल्यावर दुर्वास मुनी १०,००० शिष्यांसह आले. थाळी रिती झाली होती. तिने श्रीकृष्णाचा धावा केला. भगवंताने थाळीच्या कडेला चिकटलेले भाजीचे एक पान ग्रहण केले आणि नदीवर स्नानास गेलेले मुनी शिष्यांसह तृप्त झाले.

देवाने तिला पुन्हा चूल पेटविण्यास सांगितले नाही. जे उरले होते, तेच मागितले. शक्तीची मर्यादा ही भक्तीतील उणीव नव्हे. थकल्या हातांनी रांधलेला वरणभात तुळशीपत्र ठेवून मनोभावे अर्पण केला, तर तोच महानैवेद्य होय.

घरातील इतरांनीही पहिला घास घेण्यापूर्वी त्या हातांचे स्मरण करावे आणि त्यांचा भार थोडा आपल्या हाती घ्यावा. अन्नाविषयीची कृतज्ञता अशा कृतीतूनच पूर्ण होते.

ही सद्बुद्धी सर्वांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.